वारा पडलेली दुपार

झाशीच्या सीपरी बाजारात मटारचे हिरवे ढीग दिसू लागले की आमच्या घरी थंडी सुरू झाली असं समजतात. त्याआधी रजया गच्चीवर ऊन खाऊन येतात, कूलरवर जुनी चादर बांधली जाते, गजकवाल्याच्या दुकानातून भाजक्या तिळांचा वास रस्त्यावर येऊ लागतो. पण ही सगळी पूर्वतयारी. मटार आला की थंडी आली. मी पहिल्याच दिवशी मोठी पिशवी भरून आणते, म्हणजे निवडून, सोलून, वर्षाचा साठा करून मोकळं होता येतं. दुपारी जेवणं आटोपली की आम्ही दोघं गच्चीवर चटई टाकून शेंगा सोलायला बसतो. श्रीधर, म्हणजे माझे यजमान, तीन दाणे पातेल्यात टाकतात आणि चौथा तोंडात. सासरे, म्हणजे आप्पा, आता जिना चढत नाहीत, ते खालून विचारतात, "सुनंदा, झालं का? मटारच्या रश्शाचा निमोना करणार आहेस ना?"

परवाही असंच चाललं होतं. खंडेराव गेटच्या बाजूनं ऑटोंचे हॉर्न येत होते, किल्ल्याच्या अंगाला सकाळचं धुकं अजून चिकटलेलं होतं. दोरीवरचे कपडे अगदी स्तब्ध लोंबत होते. श्रीधरांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "वारा पडलाय बघ."

मी नुसतं "हं" म्हटलं. दोघांच्याही डोळ्यांसमोर कोणती दुपार आली, हे सांगायची गरज नव्हती.

तो हिवाळा असा होता की घरात सगळं होतं, आणि एक शब्द नव्हता. मी विमा कंपनीच्या कचेरीत लेखनिक. त्या वर्षी मला बढती मिळाली, अधिकारी म्हणून, पण मुंबईला, आणि तीन वर्षांसाठी. अशी संधी पूर्वी एकदा आली होती. तेव्हा मुलगी बारावीला होती, मी नाही म्हटलं आणि त्याचं फारसं दुःखही केलं नाही. आता मुलगी नोकरीला लागून बाहेरगावी होती आणि यावेळी नाही म्हटलं की विषय कायमचा संपणार होता. सोमवारी रुजू व्हायचं, किंवा त्याच दिवशी नकार कळवायचा.

मला जायचं होतं. हे स्वच्छ लिहिते, कारण तेव्हा ते मी स्वतःशीसुद्धा कुजबुजतच बोलत होते. पन्नाशीला आलेल्या बाईला एकटीनं परक्या शहरात राहायचं आहे, हे वाक्य आमच्या नात्यागोत्यात कोणी उच्चारलेलं नव्हतं. पण श्रीधरांनी मनापासून काही सांगितल्याशिवाय मी जाणार नव्हते. आणि ते सांगत नव्हते. महिनाभर एकच उत्तर, "तू म्हणशील तसं."

ज्यांनी हे उत्तर ऐकलंय त्यांना त्याचं वजन माहीत असेल. "जाऊ नकोस" म्हटलं असतं तर मी भांडले असते. "जा" म्हटलं असतं तर गेले असते. "तू म्हणशील तसं" म्हणजे सगळी पेटी एकट्यानं उचलायची. मग मी मला जमतं ते केलं. व्यवस्था लावली. आप्पांच्या गोळ्या शेजारचा कंपाउंडर देणार, दूध खालचे तिवारीजी घेऊन ठेवणार, पोळ्या-भाजीला बाई, गॅसचा नंबर कोण लावणार, वीजबिल कोण भरणार, सगळं. घर माझ्याशिवाय तीन वर्षं बिनबोभाट चाललं असतं. श्रीधर ते सगळं ऐकून घेत आणि पुन्हा दुकानात निघून जात.

त्यांचं दुकान सीपरी बाजारात, मोटर वाइंडिंगचं. पंखे, कूलर, पाण्याचे पंप. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी गुंडाळायची. होळीनंतर त्यांना जेवायला वेळ नसतो आणि थंडीत काम नसतं. त्यामुळे "मी येतो तुला सोडायला," असं ते म्हणाले तेव्हा मला बरंही वाटलं आणि रागही आला. सोडायला कुठं? ठरलंय कुठं अजून?

मुंबईत माझ्या बहिणीची मुलगी राहते, मृणाल. तिनं आम्हाला रविवारची भेट म्हणून बंदरातली सफर दिली. "मावशी, लाँच नाही हं, शिडाची होडी. तुम्ही दोघं आणि एक नाखवा. इंजिनच नसतं तिला."

"मोटर नाही?" श्रीधर म्हणाले. "मग बिघडलं तर दुरुस्त काय करायचं?"

आप्पांना फोनवर हे सांगितलं तर त्यांचा वेगळाच प्रश्न, "नारळ जवळ आहे ना?" आप्पांचा एक नियम आहे, पाण्याला रिकाम्या हातानं भेटायचं नाही. एरचला बेतवेवर गेलो की आधी नदीची ओटी भरायची, मग पाय बुडवायचे. समुद्र तर आमच्या घरात कोणी पाहिलेलाच नव्हता. आमचे मूळ पुरुष कोकणातून पेशव्यांच्या काळात इकडे आले, पूजापाठ आणि कारकुनी करत इथेच राहिले, आणि पुढच्या पिढ्यांना पाणी म्हणजे बेतवा. समुद्र गेला, त्याचे शब्द मात्र घरात राहिले. आप्पांच्या दम्याला अजूनही भरती येते आणि ओहोटी लागते. माझ्या मुलीला नोकरी लागली तेव्हा ते म्हणाले होते, "चला, तारू बंदराला लागलं." तारू म्हणजे काय, हे त्यांना विचारलं असतं तर बहुधा सांगता आलं नसतं.

म्हणूनच आप्पांनी आम्ही झाशीहून निघतानाच सीपरी बाजारातून नारळ आणून माझ्या पिशवीत घातला होता. "मुंबईला जातेस तर समुद्र दिसेल. दिसला की दे." मी तो नीट कागदात गुंडाळून, कपड्यांच्या मधे ठेवून, झाशीहून मुंबईला नेला. दक्षिणेकडून कुठूनतरी शेकडो कोस प्रवास करून तो बिचारा झाशीला पोचला होता. त्याला आम्ही परत समुद्राकाठी घेऊन चाललो आहोत, हे माझ्या लक्षातच आलं नाही. इतकं सगळं लक्षात ठेवणारी मी.

गेटवेच्या धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा आम्हा दोघांच्या अंगात स्वेटर. श्रीधरांच्या डोक्याला मफलरही होता. डिसेंबर म्हणजे थंडी, हे आमच्या हाडात बसलेलं. आजूबाजूला माणसं अर्ध्या बाह्यांत घामाघूम झालेली. आमचा नाखवा म्हणजे पन्नाशीचा, उन्हानं काळवंडलेला, ठेंगणा माणूस. त्यानं आम्हाला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ताई, कुठून आलाव? काश्मीर?"

"झाशी."

"झाशी! आणि मराठी कसं काय बोलता?"

हा प्रश्न मला पाठ आहे. झाशीत लोक म्हणतात, आप तो महाराष्ट्र के हैं. महाराष्ट्रात लोक विचारतात, मराठी कसं येतं? मी नेहमीचं उत्तर दिलं. तोवर श्रीधर होडीत वाकून बघत होते. "भैया, सचमुच मोटर नहीं है?"

"नाय शेठ. हे शीड, हे सुकाणू. बाकी देवाचं."

होडी धक्क्यापासून सुटली. आधी गर्दीचा आवाज बरोबर आला, मग लाँचांचा धडधडाट, आणि मग तेही मागे राहिलं. शीड भरलं, होडी एका बाजूला कलली. मी काठ घट्ट धरला. आणि मला जाणवलं की आवाजच नाही. होडीच्या पोटाला पाणी चाटत होतं तेवढंच. श्रीधर आयुष्यभर मोटारींचे आवाज ऐकत आलेले. नुसत्या घरघरीवरून बेअरिंग गेलंय की तार जळलीये ते सांगतात. ते मान तिरपी करून बसले होते, काहीतरी ऐकू येईल या सवयीनं. थोड्या वेळानं त्यांनी मफलर काढला. त्यांचे केस उडायला लागले. मला ते एकदम कॉलेजातल्या मुलासारखे दिसले, आणि हे त्यांना सांगायचं की नाही या विचारात मी सांगितलं नाही.

राखाडी लढाऊ जहाजं दूर गप्प उभी होती. तेलाची जहाजं तर होडीतून इतकी उंच दिसत की त्यांच्या भिंतीला वर खिडक्या असतील असं वाटे. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा, लोक त्यांना कुरमुरे टाकत होते. "हे पाहुणे," नाखवा म्हणाला, "थंडीपुरते येतात आन् जातात." मागे वळून पाहिलं तर शहर एका पातळ निळ्या पट्टीएवढं झालेलं. या एवढ्याशा पट्टीला मी महिनाभर घाबरले होते.

तेवढ्यात फोन. आप्पा.

"सुनंदा, मटारवाला दारात आहे. चांगला कोवळा आहे. घेऊ का?"

"आप्पा, मी समुद्रात आहे!"

"अगं हो, पण तो थांबलाय ना. घेऊ?"

"घ्या. बाईंना सोलायला सांगा."

"मी सोलीन की. माझ्या हाताला काय झालंय?" मग जरा थांबून, "पाणी कसं आहे?"

"मोठं आहे, आप्पा."

"बेतवेपेक्षा?"

श्रीधरांनी फोन माझ्याकडून घेतला. "आप्पा, पावसाळ्यातली बेतवा घ्या, आणि पलीकडचा काठ पुसून टाका." पलीकडून आप्पांचं "वा" मला इथवर ऐकू आलं.

फोन ठेवला आणि थोड्याच वेळात शीड फडफडायला लागलं. मग फडफडायचंही थांबलं. ओल्या धोतरासारखं लोंबायला लागलं. होडी सरळ झाली आणि जागच्या जागी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय ताई, वारा पडला. सकाळचा वारा जमिनीवरून येतो, दुपारचा समुद्रावरून. मधे दोघं जेवायला जातात. येल आता."

"किती वेळ?"

"येल तेव्हा येल." असं म्हणून त्यानं टोपी तोंडावर ओढली आणि मागे सुकाण्यापाशी आडवा झाला.

मला असं थांबणं जमत नाही. मी पिशवी उघडून नारळ काढला. रिकामा वेळ आहे तर आप्पांचं काम उरकून घेऊ. नाखव्यानं टोपीखालून एक डोळा उघडला. "नारळ? झाशीवरनं आणला?"

"हो."

"इथं?"

तेव्हा कुठे मला उमगलं आणि मी हसायला लागले. श्रीधर मात्र गंभीरपणे म्हणाले, "घरचा आहे, भैया." नाखवा उठून बसला, टोपी हातात घेतली, मीही पदर सावरला. हळदकुंकू लावून, हात जोडून आम्ही नारळ पाण्यात सोडला आणि वाट पाहिली.

बेतवेत नारळ सोडला की नदी तो घेऊन जाते. एकदा गटांगळी खातो, खडकाला वळसा घालतो आणि दिसेनासा होतो. नदीनं घेतला म्हणजे पावलं. इथं नारळ जायलाच तयार नाही. होडीला लागून तसाच तरंगत राहिला. श्रीधरांनी हातानं पाणी ढकलून पाहिलं. तो थोडा लांब गेला आणि परत आला.

"अहो, हा घेत कसा नाहीये?"

"घेतला ना ताई," नाखवा म्हणाला. "पण पानी तुमाला बी नेतंय आन् त्याला बी. एकाच वेगानं. मग सोडून कुठं जाईल? झाशीचा हाय, एकटा राहायची सवय नसंल." आणि टोपी पुन्हा तोंडावर.

आम्ही दोघं काठावर हनुवटी टेकून त्या नारळाकडे बघत बसलो. ऊन पाण्यावर असं पसरलं होतं की डोळे किलकिले करावे लागत. शेंडीचं कुंकू पाण्यात जरासं उतरलं होतं.

"उद्या सोमवार," मी म्हटलं.

"हं."

"आणि तू म्हणशील तसं, असं म्हणायचं नाही."

"मी कुठं काय म्हटलं?"

"म्हणणार होतात."

ते हसले. मग पुन्हा नारळाकडे बघत बसले. दुकानातही ते असेच, बंद मोटर समोर घेऊन बसतात, पाना हातात घेत नाहीत.

"नको जाऊस म्हटलं, तर तू थांबशील," ते म्हणाले. "आणि मग रोज संध्याकाळी त्याच टेबलावरून उठून घरी येशील, आणि मी रोज तुझ्या तोंडाकडे बघीन. जा म्हटलं, तर तुला वाटेल याला काही फरकच पडत नाही. पडतो ना, सुनंदा. तिकडे तू रमली नाहीस तर मला वाईट वाटेल. रमलीस तरी वाटेल. आता यातलं सांगू काय?"

"हेच सांगायचं होतं. महिनाभर अडवून कशाला ठेवलंत?"

"एवढंच नाही." त्यांनी नारळाला बोटानं हलकेच ढकललं. "तू सगळी व्यवस्था केलीस. आप्पांच्या गोळ्या कंपाउंडर. दूध तिवारीजी. पोळ्या बाई. बिल, गॅस, सगळ्यांना काम वाटून दिलंस. मला काहीच नाही दिलं. मी म्हटलं, ही परत येईपर्यंत या घरात मी करायचं काय? कूलरसारखी चादर बांधून बसू?"

मी हे त्यांच्यासाठी केलं होतं, त्यांना त्रास नको म्हणून. ज्या माणसाच्या हातून जळालेल्या मोटारी पुन्हा फिरू लागतात, त्याला मी त्रासातून वगळलं होतं. आणि तो महिनाभर दुकानात बसून याचा अर्थ लावत होता.

"आप्पांच्या गोळ्या तुम्ही द्यायच्या," मी म्हटलं.

"हं. आणि?"

"बिलंही तुम्ही."

"ते सोपं आहे. आणि?"

"रोज जेवण झालं की फोन तुम्ही करायचा. मी करणार नाही. तुम्ही."

ते घाबरलेच. फोनवर बोलणं त्यांना कधी जमत नाही. "रोज? रोज काय बोलू?"

"दिवसभरात जे बिघडलं ते सांगा."

"आणि काही बिघडलंच नाही तर?"

याचं उत्तर मी द्यायच्या आत गालाला काहीतरी थंड लागलं. श्रीधरांनीही मान वळवली. पश्चिमेकडून पाण्यावर एक काळसर सुरकुती पसरत येत होती. नाखवा टोपीखालून न बघताच म्हणाला, "आला," आणि उठला. शीड एकदा धपकन वाजलं, मग गोल झालं. होडी पुन्हा कलली आणि निघाली. नारळ तिथेच राहिला. मी मागे वळून तो दिसेल तोवर पाहत राहिले. श्रीधर पुढे बघत होते, शहराकडे. त्यांनी त्या पट्टीकडे बोट करून नाखव्याला विचारलं, "भैया, ये दफ़्तर वग़ैरह किस तरफ़ हैं?"

मुंबईत मी तीन हिवाळे काढले. हिवाळे म्हणायचे एवढंच. मटार तिथे बाराही महिने मिळतो, त्यामुळे कुठल्याच दिवशी थंडी सुरू झाली असं म्हणता आलं नाही. पण फोन रोज येत असे. सुरुवातीला अगदी हजेरीपत्रकासारखा. गीझर बिघडला. मिक्सरचा ब्रश गेला. तिवारीजींचा पंप. एक दिवस असा आला की काहीच बिघडलं नाही, आणि ते बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "आज धुकं इतकं आहे की समोरचा माणूस खोकला म्हणून कळला." त्यानंतर त्यांना बोलायला बिघाडाची गरज लागेनाशी झाली. इतकी वर्षं एका घरात राहून जे ऐकलं नव्हतं, ते मी झाशीपासून इतक्या लांब, भाड्याच्या खोलीत, कानाला फोन लावून ऐकलं. लहानपणी त्यांना मास्तर व्हायचं होतं, हेही तेव्हाच कळलं. मी रमले. ते त्यांना कळलं, आणि त्यांना वाईटही वाटलं, आणि दोन्ही त्यांनी मला फोनवर सांगितलं.

पण मला सांगायची आहे ती सोमवारची सकाळ.

मी आवरून तयार होते. साडी, पर्स, कागद, छत्री, पाण्याची बाटली. श्रीधर लॉजच्या खोलीत नव्हते. चहाला गेले असतील म्हणून मी वाट पाहिली. घड्याळ बघितलं, पुन्हा पर्स तपासली. मला राग येऊ लागला होता. आज तरी वेळेवर असायला काय हरकत होती?

ते जिन्यानं धापा टाकत वर आले. हातात दह्याचा झाकणबंद प्लास्टिकचा डबा, आणि मुठीत चहाच्या टपरीवरून मागून आणलेली साखरेची कागदी पुडी.

आमच्याकडे बाहेर पडणाऱ्याच्या हातावर दही घालते ती घरातली मोठी बाई. सासूबाई असेपर्यंत त्या घालत, नंतर मी. परीक्षा असो, प्रवास असो, दुकानाचा पहिला दिवस असो. श्रीधरांनी आजवर फक्त हात पुढे केला होता. हे काम मी त्यांना दिलेलं नव्हतं. मुळात ते मला सुचलंच नव्हतं. माझ्या हातावर दही घालणारं आता कोणी नाही, हे मी कधीच धरून चालले होते.

"चमचा नाही मिळाला," ते म्हणाले. "हात कर."

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी डबा उघडून सरळ कलता केला आणि निम्मं दही एकदम माझ्या तळव्यावर आलं. त्यावर सगळी साखर.

"अहो, एवढं घालतात का!"

"मला काय माहीत किती घालतात? मी कधी घातलंय? खा आता."

मी खाल्लं. दही आंबट होतं आणि साखर दाताखाली करकरत होती. बोटांच्या फटींतून ते मनगटावर ओघळलं, बांगड्यांपर्यंत आलं. मी दुसऱ्या हातानं रुमाल शोधू लागले, पण त्यांनी खिशातून स्वतःचा काढला, माझं मनगट धरलं आणि पुसायला लागले. सावकाश, एकेक बांगडी वर सरकवून, मोटारीतली नाजूक तार पुसावी तसं. मला उशीर होत होता. मी त्यांना ते सांगितलं नाही.